साइड दिली, तिथेच चुकलं

"असल्या स्लो लोकांना ट्रॅकवर सोडतातच कशाला, काका?"

विचारणारा पोरगा डोंबिवलीचा. मोठागाव-मानकोली पूल सुरू झाल्यापासून खाडीपलीकडची गिऱ्हाइकं माझ्या गॅरेजला मिळायला लागली, त्यातला हा एक. गाडी चारशे सीसीची, हप्त्यावरची. चेन ताणून घ्यायला आला होता आणि मोबाइलवरची बातमी मला वाचून दाखवत होता. 26 ऑक्टोबर 2025, मलेशियातलं सेपांग सर्किट. मोटो-3 ची शर्यत सुरूसुद्धा झाली नव्हती. गाड्या पिटमधून निघून ग्रिडवर येतात, ती ओळखीची फेरी चालू होती. स्वित्झर्लंडचा नोआ डेटविलर ट्रॅकवर हळू चालला होता, गाडीत काहीतरी बिघडलं असावं असं तेव्हा सांगितलं गेलं. मागून आलेला स्पेनचा होसे अंतोनिओ रुएडा त्याच्यावर आदळला. रुएडा म्हणजे त्या वर्षीचं विजेतेपद आधीच खिशात घातलेला मुलगा. दोघांना हेलिकॉप्टरने हलवलं. डेटविलरची अवस्था तर फारच वाईट होती.

पोराचा राग खरा होता. चॅम्पियनचा हात मोडतो आणि कारण काय, तर पुढे कोणीतरी रांगत होता! मी चेनला तेल लावत गप्प बसलो. त्याला काय सांगणार, की बाबा रे, तू ज्याला शिव्या घालतोयस तो स्लो माणूस मीच आहे?

आज या वर्तमानपत्रात सांगतो.

1997 साली मी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर आरएक्स 100 पळवली. नवशिक्यांचा गट. गाडी कल्याणहून रेल्वे पार्सलने पाठवली होती, टाकी रिकामी करून, गोणपाटात शिवून. बाबांना पत्ता नव्हता, त्यांना वाटत होतं मी नाशिकला लग्नाला गेलोय. सिलिंडरचं पोर्टिंग मी स्वतः केलं होतं, एक्स्पान्शन चेंबर कुर्ल्याच्या एका मिस्त्रीकडून वळवून घेतला होता. नाक्यावर माझ्या गाडीला तोड नव्हती. ट्रॅकवर पोचलो तेव्हा कळलं, की आमच्या गटात प्रवेशअर्ज कमी आले म्हणून आयोजकांनी आम्हाला वरच्या गटातल्या अनुभवी लोकांबरोबरच सोडायचं ठरवलंय. एक ग्रिड, एक शर्यत, निकाल फक्त वेगळे. आम्हाला उलट आनंदच झाला. मोठ्यांबरोबर पळायला मिळतंय!

त्यांच्यातल्या सगळ्यात वेगवान माणसाची फेरी 80 सेकंदांची, माझी 91 ची. अकरा सेकंदांचा फरक ऐकायला काही वाटत नाही. पण हिशेब करा. दर फेरीला तो अकरा सेकंदांनी माझ्या पाठीजवळ येतोय, म्हणजे त्याची नववी फेरी चालू असताना तो मला गाठणार आणि अख्ख्या एका फेरीने मागे टाकणार. शर्यत दहा फेऱ्यांची. हे गणित शनिवारी संध्याकाळी कागदावर कोणालाही करता आलं असतं. कोणी केलं नाही, मीही नाही.

रविवारी माझी आठवी फेरी. एका डाव्या वळणाच्या अलीकडे निळा झेंडा हलताना दिसला. मागे टू-स्ट्रोकची किंचाळी ऐकू आली. मी महामार्गावर वाढलेला माणूस. मागून कोणी घाईत आला की डावीकडे सरकायचं आणि साइड द्यायची, हे मला दहाव्या वर्षापासून शिकवलेलं. मी मान वळवून मागे बघितलं आणि गाडी डावीकडे घेतली. चांगुलपणाने घेतली. डाव्या वळणात आतली बाजू डावीच असते, आणि तो माणूस तिथूनच घुसायच्या बेतात होता. मी माझ्या रेषेवर, म्हणजे उजवीकडेच राहीन, असं धरून त्याने ब्रेक उशिरा मारला होता. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागलं. मी डुलत डुलत खडीत जाऊन थांबलो. तो पडला, गळपट्टीचं हाड मोडलं.

संध्याकाळी दवाखान्यात भेटायला गेलो, माफी मागायला. चाळिशीचा माणूस, मोडक्या हिंदीत म्हणाला, "तू स्लो था, वो प्रॉब्लेम नहीं. मेरे को मालूम था तू स्लो है. तू हिला, वो प्रॉब्लेम."

एवढ्या वर्षांत शर्यतीतल्या सुरक्षेबद्दल पुष्कळ वाचलं, दूरचित्रवाणीवर रात्री जागून शेकडो शर्यती बघितल्या, 2023 च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली तेव्हा तिकडेही जाऊन आलो. (लोक मार्को बेझेक्कीला बघत होते, मी झेंडेवाल्या मार्शलना. उन्हाने जीव काढला होता, शर्यतीच्या फेऱ्यासुद्धा कमी कराव्या लागल्या. पण ती पोरं हलली नाहीत.) त्या माणसाने खाटेवरून दोन वाक्यांत जे सांगितलं, त्याच्या पुढचं मला अजून कुठे सापडलेलं नाही.

शर्यतीच्या गाडीला आरसे नसतात. हॉर्न नसतो, इंडिकेटर नसतो. ते कौतुकाने काढलेले नाहीत, पडल्यावर काच आणि कांड्या अंगात घुसू नयेत म्हणून काढलेले असतात. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की पुढच्याने मागे बघणं अपेक्षितच नाही. ओलांडणाऱ्याने वाट शोधायची, पुढच्याने फक्त आपली रेषा धरायची. निळा झेंडा म्हणतो, मागे तुझ्यापेक्षा वेगवान माणूस आलाय, त्याला अडवू नकोस. तो "बाजूला उडी मार" असं म्हणत नाही. या दोन गोष्टींमधला फरक नवशिक्याला शर्यतीआधी कोणी समजावून सांगतं का? मला झेंड्यांच्या रंगांचा तक्ता दाखवला होता, शाळेत राष्ट्रध्वज दाखवतात तसा.

आपल्या रस्त्यावर शिकलेल्या माणसाला तर हे जास्तच नीट सांगायला हवं, कारण आपली सगळी रीत उलटी. मानकोलीच्या उड्डाणपुलाखाली पाच मिनिटं उभे राहा. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला, तर त्याचा अर्थ "मी उजवीकडे वळतोय" असाही असतो आणि "जा बाबा, रस्ता मोकळा आहे" असाही असतो. कुठला अर्थ घ्यायचा ते ड्रायव्हरच्या हाताकडे, चाकाच्या रोखाकडे बघून ठरवायचं. ट्रकच्या पाठीवरचं "हॉर्न ओके प्लीज" राज्य सरकारने 2015 मध्ये बंद केलं, पण सवय थोडीच पाटीत होती? आपण एकमेकांशी बोलत, हातवारे करत, सांभाळून घेत गाडी चालवतो. पन्नासच्या वेगात ते चालूनही जातं. दीडशेच्या वेगात समोरच्याने केलेली मेहेरबानी ही सगळ्यात धोक्याची गोष्ट असते, कारण तिचा अंदाज बांधता येत नाही.

म्हणून "हळू चालणाऱ्यांना काढा" हा सूर मला अर्धाच पटतो. जो अर्धा पटतो तो आधी सांगतो. कोणी किती हळू असावं याला मर्यादा हवीच. जागतिक शर्यतींत बराच काळ 107 टक्क्यांचा नियम चालत आला. सगळ्यात वेगवान माणसाला 100 सेकंद लागत असतील, तर तुम्हाला सरावात एकदा तरी 107 सेकंदांच्या आत यावं लागेल, नाहीतर रविवारी कठड्यावर बसून बघा. फॉर्म्युला वनमध्येही 1996 ला हाच आकडा आला, मध्ये काही वर्षं गेला, 2011 ला परत आला. त्या काठावरचा माणूससुद्धा सोळाव्या फेरीत गाठला जातो, म्हणजे मोटरसायकलची बहुतेक शर्यत उरकल्यावर. माझं त्या दिवशीचं प्रमाण होतं जवळजवळ 114 टक्के. नियम लावला असता तर मला घरी पाठवायला हवं होतं. मी रडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, पार्सलचे पैसे मोजत बसलो असतो. एका माणसाचं हाड वाचलं असतं.

पण मला घरी पाठवलं असतं तर प्रवेश फी परत करावी लागली असती. खरी गोम इथे आहे. आपल्याकडे ग्रिड भरणं हाच एक उपद्व्याप असतो. गाडी, सूट, हेल्मेट, टायर, प्रवास, सगळं ज्याच्या त्याच्या खिशातून. अशा वेळी आलेला अर्ज कोण नाकारणार? मग कमी आलेले दोन गट एकत्र करायचे, कागदावर वेगळे निकाल लावायचे, आणि काही झालं की "नवीन मुलगा होता, घाबरला" म्हणायचं. हळू माणसाला दोष देणं स्वस्त पडतं.

आमच्या मानकोलीत हे शहाणपण गाड्यांच्या आधीपासून होतं. बाबांकडे बैल होते. आता जिथे पत्र्याची गोदामं आहेत तिथे तेव्हा भाताची खाचरं होती, आणि कापणी झाली की शर्यती. ठाणे-रायगडकडे बिनजोड चालते. दोन गाडे समोरासमोर, मालकांनी एकमेकांना आव्हान देऊन लावलेले. बाबा आगरीत सांगायचे, "जोर बगून गारी सोर." आमच्या बोलीत 'ड' चा 'र' होतो, त्यामुळे परक्याला वाटायचं म्हातारा ताकदीबद्दल बोलतोय. ते जोडीबद्दल बोलत. बैल नवा असेल तर नव्याशीच लावायचा. दांडग्याशी लावलास तर तो हरेल याची फिकीर नाही, पण बिथरेल, आडवा जाईल आणि कडेला उभ्या माणसांत घुसेल. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत तर गाडे एकेक करून सुटतात आणि लढत घड्याळाशी होते, तिथे कोणी कोणाच्या वाटेत येण्याचा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे 1907 पासून चालत आलेल्या आइल ऑफ मॅनच्या टीटीतही साठ किलोमीटरच्या त्या फेरीवर स्वार दहा-दहा सेकंदांनी एकेक सोडतात. बैलगाडा 2014 ला बंद झाला, 2021 च्या डिसेंबरात परत सुरू झाला, 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, यावर हवा तेवढा वाद घाला. बैलांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मलाही समजतं. पण जोड बघण्याची अक्कल बाबांच्या पिढीला होती एवढं कबूल करा.

ती अक्कल आपल्याकडे अगदीच हरवलीय असंही नाही. 28 जानेवारी 2024 ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. पुण्याच्या मातीतल्या शर्यतींना जुनी परंपरा आहे, तिथली पोरं मातीवर शिकून मग डांबरावर जातात. त्या लीगमध्ये 450 सीसीचे आंतरराष्ट्रीय स्वार वेगळे, 250 चे वेगळे, भारत आणि आशियातल्या 250 वाल्यांचा गट वेगळा, 85 सीसीची लहान पोरं वेगळी. सुपरक्रॉसमध्ये हे न करून चालतच नाही. फेरी छोटी, म्हणजे मागच्याला लवकर गाठणार. त्यात उडीच्या टेकाडापलीकडे काय आहे ते उडी घेईपर्यंत दिसत नाही, आणि एकदा चाकं जमिनीवरून सुटली की ब्रेक कशाला लावणार, हवेला? तिथे हळू माणसाने शेवटच्या क्षणी रेषा बदलली तर वरून शंभर किलोची गाडी अंगावर येते. म्हणून टेकाडाजवळ उभा असलेला झेंडेवाला पहिल्या नंबराच्या स्वाराइतकाच महत्त्वाचा. त्याला एक डबा आणि एक टोपी देऊन दिवसभर उन्हात उभं करतात, तो भाग वेगळा.

आता उरलेला अर्धा, जो पटत नाही. हळू असणं हेच मुळात मरणाचं कारण, असं समजायला माझ्याजवळ आधार नाही. 2021 आठवा. मे महिन्यात मुजेल्लोला 19 वर्षांचा जेसन ड्युपास्किये, जुलैत आरागॉनला 14 वर्षांचा उगो मियान, सप्टेंबरात हेरेथला 15 वर्षांचा डीन बेर्ता विन्यालेस. तिन्ही पोरं पडली, आणि मागून येणाऱ्यांना टाळता आलं नाही. हे बारक्या गाड्यांचे वर्ग, तिथे सगळे जवळजवळ एकाच वेगाचे, चिकटून पळणारे. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईजवळ राष्ट्रीय शर्यतीत बंगळुरूचा 13 वर्षांचा मुलगा गेला, त्याने तर त्याच सकाळी सगळ्यात वेगवान वेळ नोंदवली होती. सुरुवातीच्या वळणावर पडला आणि मागच्या गाडीखाली आला. यात कोण हळू होता? 2021 नंतर जागतिक संघटनेने ग्रांप्रीसाठीचं किमान वय 18 करायचं ठरवलं आणि बारक्या वर्गांत ग्रिड लहान करण्याकडे वळली. म्हणजे त्यांनाही उमजलं, की गर्दी आणि कोवळं वय हाही धोका आहे, नुसती वेगातली तफावत नाही.

आणि हळू असण्यातही भेद आहे. मोटो-3 च्या पात्रता फेरीत चांगली चांगली पोरं मुद्दाम रेंगाळतात. मागून कोणी वेगवान आला की त्याच्या पाठीच्या हवेत लपून ओढ घ्यायची, म्हणजे आपलीही वेळ सुधारते. त्यासाठी वेगाच्या रेषेवर मागे बघत बघत सायकल चालवल्यासारखे फिरतात. हे लबाडीचं हळू. यांना दंड होतो, ग्रिडवर मागे ढकलतात, पिटमधून सुरुवात करायला लावतात, तरी पुढच्या महिन्यात तेच. माझ्या मते यांना दंड कमीच पडतो. माझ्यासारखा जन्मजात हळू माणूस निदान पूर्ण जोर लावून हळू असतो.

तिसरं हळू सगळ्यात वाईट, अचानक आलेलं. इंजिन सीझ झालं, चेन तुटली, इलेक्ट्रॉनिक्स गेलं. मागचा 200 ने येतोय आणि पुढची गाडी 60 वर आलीय, तर दर सेकंदाला 39 मीटर अंतर संपतं. डोळ्याने बघून हाताने ब्रेक दाबेपर्यंतच एक सेकंद जातो. सेपांगबद्दल मला राहून राहून हेच वाटतं. इथे टक्क्यांचा नियम काय करणार? इथे फक्त दोन गोष्टी कामाच्या. गाडीने दम सोडला की त्याच क्षणी हात वर करून रेषेपासून दूर निघायचं, घरापर्यंत ढकलत न्यायचा मोह सोडायचा. आणि मार्शलने पिवळा झेंडा डोळ्याची पापणी लवायच्या आत हलवायचा. ओळखीच्या फेरीतसुद्धा. उलट तेव्हाच जास्त, कारण ती शर्यत नाही म्हणून सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असतं.

आपल्या सरकारलाही या प्रश्नाचं एकच उत्तर येतं, हळू असेल त्याला बाहेर काढा. समृद्धी महामार्ग आमच्या भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत येऊन पोचला. 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला झाला, नागपूर ते आमणे 701 किलोमीटर. दुचाकीला तिथे बंदी, रिक्षाला बंदी. ठीक आहे, 120 च्या रस्त्यावर माझी मोपेड नकोच. पण तरीही तिथे कडेला थांबलेल्या ट्रकवर मागून गाड्या आदळल्याच्या बातम्या येतात. परवान्याने हळू असणाऱ्याला बाहेर काढता येतं. टायर फुटून हळू झालेल्याला कसं काढणार? त्याच्यासाठी थांबायला जागा, दिवा, गस्त लागते. ते खर्चाचं काम.

पोराच्या प्रश्नाला मी तेव्हा जे उत्तर दिलं नाही, ते असं आहे. हळू माणसाला ट्रॅकवर सोडायलाच हवं, कारण पुण्याचा, नाशिकचा, भिवंडीचा उद्याचा वेगवान पोरगा आज हळूच आहे. पण त्याला त्याच्या जोडीच्यांबरोबर सोडा. दोन गट कमी भरले तर दोन छोट्या शर्यती करा, सहा-सहा गाड्यांच्या. बघायला मजा येणार नाही, नको येऊ दे. टक्क्यांचा नियम स्थानिक शर्यतीतही लावा आणि जो बाहेर पडेल त्याची फी परत करा. शनिवारचा एक तास त्याला ओलांडून घ्यायला शिकवण्यात घाला. ओलांडायला तर सगळेच शिकवतात. जुना स्वार मागून घुसवायचा, नव्याने रेषा सोडायची नाही, मागे बघायचं नाही, हीच परीक्षा. जो तीनदा हलला तो रविवारी कठड्यावर. इंडेम्निटीच्या कागदावर सही घेतली की आयोजकाचे हात धुतले जातात, ही समजूत मात्र आधी पुसायला हवी. त्या कागदावर मीही सही केली होती. काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं, इंग्रजीत होतं.

निदान ट्रॅकवरचा प्रत्येक माणूस सही करून आलेला असतो. रविवारी पहाटे कसाऱ्याकडे दीडशेने जाणाऱ्या टोळ्यांच्या पुढे जे हळू लोक येतात, त्यांनी कुठे सही केली? यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून सायकलवर निघालेला कामगार, गोदामातल्या बायका भरून चाललेली रिक्षा, माजिवडा-वडपे रुंदीकरणाच्या खोदकामातून वाट काढणारी दूधवाल्याची स्कूटर. ही माणसं साइड देणारच. आणि कुठल्या बाजूला देतील याचा नेम नाही, माझाही नव्हता.

पोराची चेन झाली. गाडी बाहेर काढताना माझं लक्ष गेलं, हँडलला आरसे नव्हते. "लुकसाठी काढले, रेसिंग बाइकला कुठे असतात?" म्हणाला. आरसे त्याच्या सॅकमध्येच होते. बसवल्याशिवाय गाडी देणार नाही म्हटल्यावर कुरकुरला, मग स्वतःच पाना घेऊन बसवत बसला. पैसे दिले, पुलाच्या दिशेने गेला.

संध्याकाळी गॅरेज आवरताना चौदाचा पाना सापडला नाही.